फोनवर नेट चालतं, कॉम्प्युटरवर तेवढं सारखं जातं

अर्धा_कप | शनिवार, रात्री १०.५०

नेटवर सापडले तेवढे उपाय करून झाले, आता इथे दार ठोठावतोय.

डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, वन बीएचके. फायबरचं कनेक्शन, राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी, कॉम्प्युटर बेडरूममध्ये. २०१६ साली लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, विंडोज १०. त्याला जन्मजात वायफाय नाही, म्हणून नखाएवढा यूएसबी डोंगल लावलाय. तीन-चार वर्षं बिनतक्रार चालला. साधारण महिन्याभरापासून मधेच नेट जातं. खाली कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह जाऊन पृथ्वीचा गोळा येतो आणि मिनिट-दोन मिनिटांनी आपोआप परत. कधी येतच नाही, मग डोंगल उपसून पुन्हा खुपसायचा.

त्याच टेबलावर ठेवलेल्या फोनवर त्याच वेळी व्हिडिओ सुरळीत चालू असतो. म्हणजे लाइन गेलेली नाही.

बायको संध्याकाळी दहावीच्या गणिताच्या ऑनलाइन बॅचेस घेते. वर्गसमीकरण अर्ध्यावर असताना बाई गायब. मुलांची चंगळ, हिचा जीव खालीवर. कंपनीचा माणूस येऊन गेला, स्वतःच्या फोनवर स्पीड दाखवला, "लाइन एकदम ओके आहे सर, कॉम्प्युटर जुना झाला" म्हणाला आणि फाइव्ह स्टार मागून गेला.

आतापर्यंत केलेलं : राउटर बंद-चालू (मोजदाद सोडली), डोंगलचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड नव्याने दिला, अँटिव्हायरस काढून पाहिला. त्यात वायरलेस माऊसही मधूनमधून अडकायला लागलाय, सेल बदलून बदलून कंटाळलो. जुन्या मशीनचे भोग, दुसरं काय. कुणाला काही सुचतंय का?

भाजीची_पिशवी | शनिवार, रात्री ११.०५

आमच्याकडे राउटर शोकेसमध्ये लाफिंग बुद्धाच्या मागे लपवला होता, 'हॉलची शोभा जाते' म्हणून. बाहेर काढल्याबरोबर बेडरूममध्ये दोन काड्या वाढल्या. तुमचा कशाच्या मागे आहे ते आधी सांगा.

तळमजला | शनिवार, रात्री ११.२०

सरळ हिशोब आहे. विंडोज १० ची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. त्यावर दहा वर्षांचं मशीन, त्यावर तीन-चारशे रुपयांचा डोंगल. फॉरमॅट मारा किंवा नवीन घ्या. राउटरही बदला एकदाचा. या धाग्यावर पन्नास प्रतिसाद येतील आणि शेवटी हेच कराल.

पाना_पेचकस | रविवार, सकाळी ६.४०

तळमजला, एकदम तिरडी बांधायला घेऊ नका हो. पेशंट बोलतोय अजून.

अर्धा_कप, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी काढली. तिथे पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली होती : फॉल्ट कुठल्या तुकड्यात आहे ते कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. तुम्ही आल्या आल्या ड्रायव्हर काढलात, पासवर्ड बदललात. त्यातल्या एकाने जरी बरं वाटलं असतं, तरी कशाने ते तुम्हाला कळलं नसतं.

तुमच्या घरात तीन तुकडे आहेत. रस्त्यावरून घरातल्या डब्यापर्यंत, डब्यापासून हवेतून डोंगलपर्यंत, आणि डोंगलपासून आत विंडोजपर्यंत. पहिला तुकडा फोनने निकालात काढला. आता दुसरा आणि तिसरा वेगळा करायचा. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) टाइप करा : पिंग, जागा सोडून राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, जागा सोडून -टी. इथे देवनागरीत लिहिलंय, टाइप अर्थात इंग्रजीत. ती खिडकी एका कोपऱ्यात दिवसभर चालू ठेवा. आपण बाहेरच्या जगाला नाही, घरातल्याच राउटरला हाक मारतोय. दर सेकंदाला त्याने 'ओ' द्यायला पाहिजे, दोन-चार मिलिसेकंदांत. ज्या क्षणी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येईल तेव्हा घड्याळात बघून वहीत वेळ लिहा. त्या वेळी घरात काय चालू होतं तेही लिहा. मिक्सर, मायक्रोवेव्ह, गीझर, काहीही.

आणि एक प्रश्न. महिन्याभरापूर्वी घरात नवीन काय आलं?

अर्धा_कप | रविवार, सकाळी ९.१५

काका, धन्यवाद. राउटर उघड्यावरच आहे, पुढे फक्त सेट टॉप बॉक्स. पिंग लावलंय, वही घेतली.

नवीन असं काही नाही. मुलीची सायकल आली, ती खाली पार्किंगमध्ये असते.

रातकिडा | रविवार, दुपारी १.३०

पिंगसोबत अजून एक करा. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून उजवी क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर', मग : नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट. मागच्या तीन दिवसांचा अहवाल तयार होतो, तो ब्राउझरमध्ये उघडायचा. वरच आलेख असतो, लाल खुणा दिसतील तिथे जोडणी तुटलेली. खाली प्रत्येक तुटण्याचं कारण असतं. ते कारण इथे टाका.

दुसरं म्हणजे डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडाप्टर्समध्ये डोंगलचं नाव, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. तिथे 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची मुभा' अशा अर्थाचा चौकोन असतो, त्यातली खूण काढून टाका. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' पण डिसेबल करा. विंडोजला वाटतं डोंगल रिकामा बसलाय, झोपवू या. मग तो उठतच नाही.

चिरेबंदी | रविवार, दुपारी ३.१०

माझाही प्रश्न इथेच विचारतो, वेगळा धागा कशाला. आमचं रत्नागिरीजवळ जुनं चिऱ्याचं घर, भिंती दीड-दीड फुटाच्या. राउटर ओटीवर, कॉम्प्युटर मागच्या खोलीत. माजघरापर्यंत वायफाय येतं आणि तिथेच बसतं, पुढे सरकत नाही. रिपीटर घेऊ का?

तळमजला | रविवार, दुपारी ३.२५

धागा हायजॅक झाला. :)

पाना_पेचकस | रविवार, संध्याकाळी ५.००

चिरेबंदी, तुमच्याकडे चोर पकडायचा नाहीये, तो समोरच उभा आहे. दीड फूट चिरा आणि पावसाळ्यात तो ओला. रिपीटर घेतलात तर साधा एकाच पट्ट्यावरचा घेऊ नका, तो ऐकतो त्याच वाटेवर पुन्हा बोलतो आणि वेग साधारण निम्मा होतो. लॅनची केबल ओढा. १०० मीटरपर्यंत ती विनातक्रार जाते. वाशांवरून कडेकडेने न्या, मागच्या खोलीत दुसरा छोटा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलमधून आलेलं नेट तिथे वायफायने पसरवायला, बसवा.

फक्त एक सांभाळा. केबल घराच्या आतूनच न्या. गोठ्यात किंवा दुसऱ्या घरात उघड्यावरून तांब्याची केबल टाकू नका. कोकणातल्या विजा तुम्हाला मी काय सांगायच्या. जवळपास वीज पडली तर त्या तारेतून दोन्हीकडची यंत्रं जातात. दोन इमारतींमध्ये न्यायचंच असेल तर फायबर.

अर्धा_कप | रविवार, रात्री ९.४०

रातकिडा, जिंकलंत! खूण काढली, सस्पेंड बंद केलं. चहा करायला उठलो की परत येईपर्यंत नेट गेलेलं असायचं, ते आज एकदाही झालं नाही. दुपारपासून पिंग अखंड. काका, वही कोरी. धागा बंद करायला हरकत नाही.

भाजीची_पिशवी | रविवार, रात्री ९.५५

रविवारी बॅच असते का?

अर्धा_कप | सोमवार, रात्री ८.३०

भाजीची_पिशवी, तुमच्या तोंडात... साखर नकोच.

रविवारी बॅच नसते. आज होती. ६.४८ ला गेलं, ६.५० ला आलं. ७.४९ ला परत. मधे बरोबर एक तास. रिपोर्ट काढला. दोन्ही ठिकाणी कारण एकच दिलंय, 'नेटवर्क ड्रायव्हरने तोडलं' अशा अर्थाचं. म्हणजे पुन्हा ड्रायव्हर?

रातकिडा | सोमवार, रात्री ९.१०

ते वाक्य फसवं असतं. समोरून उत्तरच येईना म्हणून ड्रायव्हरने हात टेकले, तरी तेच छापून येतं. मेलेल्याच्या दाखल्यावर 'हृदय बंद पडल्याने' लिहितात तसं.

पण बरोबर एक तास!! हे मला माहितीये. राउटरच्या सेटिंगमध्ये वायरलेस सिक्युरिटीत 'ग्रुप की रिन्यूअल' किंवा 'रीकी इंटरव्हल' असं काहीतरी सापडेल. बऱ्याच राउटरांवर ते ३६०० सेकंद असतं, म्हणजे एक तास. दर तासाला राउटर जोडलेल्या सगळ्यांना वायफायच्या कुलपाची नवीन किल्ली वाटतो. फोन ती झेलतो, जुन्या डोंगलच्या हातून पडते. ते वाढवून ८६४०० करा, म्हणजे दिवसातून एकदाच.

अर्धा_कप | मंगळवार, रात्री ९.००

सापडलं, ३६०० च होतं. ८६४०० केलं. राउटर रीस्टार्ट. पहिली बॅच ५ ते ६.३० झकास. ६.५१ ला गेलं.

बायकोने आज बॅचमध्ये फोनचा हॉटस्पॉट लावून पाहिला. फोन कीबोर्डच्या शेजारी. तरीही तुटलं! मग मुलांना गृहपाठ देऊन मोकळी झाली. मी ऑफिसातून आलो तर माझ्याकडे बघून फक्त "केलंस का काही?" एवढंच.

रातकिडा | मंगळवार, रात्री ९.२०

हॉटस्पॉटवर पण? मग माझी किल्लीची थिअरी गेली. राउटर यात नाहीच. माफी असावी.

तळमजला | मंगळवार, रात्री ९.३०

फॉरमॅट.

पाना_पेचकस | मंगळवार, रात्री १०.१५

वहिनींनी आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली चाचणी केली. राउटर बदलून पाहिला आणि तरी फॉल्ट तसाच. म्हणजे दोष डोंगलच्या अवतीभवती आहे. शेजाऱ्यांची गर्दी किती आहे? फोनवर वायफाय ॲनालायझर टाकून वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बघा. त्यात चॅनल १ ते १३, पण एकमेकांत ५ मेगाहर्ट्झचंच अंतर आणि प्रत्येकाला जागा लागते २० ची. म्हणून एकमेकांच्या पायावर पाय न देता उभी राहतात तीनच, १, ६ आणि ११.

अर्धा_कप | बुधवार, सकाळी ८.१०

बघितलं. बेडरूममधून तेवीस नावं दिसतात. एकाचं नाव 'पासवर्ड मागू नये'. सहावर अकरा जण बसलेत, एकवर तीनच. माझा राउटर 'ऑटो'वर होता तो एकवर टाकला, चॅनलची रुंदी ४० ची २० मेगाहर्ट्झ केली. काल रात्री पिंग आधी ८-१० यायचं ते आता २-३ येतंय. बरं वाटतंय पण कालच्या अनुभवानंतर बोलत नाही काही.

अर्धा_कप | बुधवार, रात्री ८.४५

गेलं. ६.४९.

मोगरी | बुधवार, रात्री ११.५०

इतके दिवस नुसती वाचत होते, इकडे जर्मनीत आत्ता कुठे संध्याकाळ झालीये. कामाचा भाग म्हणून रेडिओ चाचण्या करते, त्यामुळे राहवलं नाही.

अर्धा_कप, तुमच्या स्वतःच्याच लिखाणातल्या काही ओळी तुम्ही पुन्हा वाचल्या नाहीत. पहिल्या दिवशी लिहिलंत की वायरलेस माऊसही अडकतो. काल लिहिलंत पहिली बॅच झकास. आणि शेजारी ठेवलेल्या हॉटस्पॉटशी जोडणी तुटली.

माऊसचा वायफायशी काहीच संबंध नाही, पण बहुतेक वायरलेस माऊस २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. डोंगल २.४ वर. दोघं एकाच वेळी आजारी पडतात आणि फोन ठणठणीत, तो बहुधा ५ वर असणार. म्हणजे तुमच्या कॅबिनेटजवळ कुणीतरी २.४ च्या पट्ट्यात आरडाओरडा करतंय. तासातून एकदा, आणि दुसऱ्या बॅचलाच.

तीन प्रश्न :
डोंगल नेमका कुठल्या पोर्टात आहे? पोर्टाच्या आतली पट्टी निळी की काळी?
त्याच्या शेजारी अजून काय खुपसलंय?
वहिनी बॅच रेकॉर्ड करतात का?

अर्धा_कप | गुरुवार, सकाळी ७.३०

आत्ता टेबलाखाली वाकून बॅटरी मारून बघितलं. पुढच्या बाजूला वर दोन पोर्ट, निळे, एकमेकांना चिकटून. त्यातल्या एकात डोंगल. त्याच्या खालच्या काळ्यात माऊसचा ठिपका (रिसीव्हर). आणि दुसऱ्या निळ्यात

थांबा.

दुसऱ्या निळ्यात एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. मागच्या महिन्यात हिच्या दोन बॅचेसची रेकॉर्डिंग्ज चुकून डिलीट झाली, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना १ टीबीची डिस्क आणून बॅकअप लावून दिला. ती कॅबिनेटच्या मागे पडून असते म्हणून डोळ्यासमोर नव्हती. काका, तुम्ही विचारलं होतंत नवीन काय आलं आणि मी सायकल सांगितली.

हो, प्रत्येक बॅच रेकॉर्ड होते. दीड तासाची फाइल तीन-साडेतीन जीबी.

मोगरी | गुरुवार, दुपारी १२.४०

:) सगळे सायकलच सांगतात.

आता असं झालं असणार. विंडोजची फाइल हिस्टरी मूळ सेटिंगप्रमाणे दर तासाला उठते आणि बदललेल्या फायली डिस्कवर नेते. दुपारभर नवीन असं काही नसतं, म्हणून पहिली बॅच सुखरूप. ६.३० ला पहिल्या बॅचची साडेतीन जीबीची फाइल बंद होते. पावणेसातच्या सुमारास फाइल हिस्टरीची पाळी येते आणि दुसरी बॅच रंगात आलेली असताना ती फाइल डिस्कवर जायला लागते. सोमवारचं ७.४९ म्हणजे त्याच्या पुढची पाळी.

आता डिस्कचा आणि वायफायचा काय संबंध. निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्याच्या तारांतून सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने सिग्नल जातो. एवढ्या वेगाच्या सिग्नलची ऊर्जा एका जागी राहत नाही, भल्यामोठ्या पट्ट्यात पसरते आणि २.४ ते २.५ गिगाहर्ट्झ बरोबर त्या पट्ट्यात येतो. डिस्कच्या डब्यातून, केबलमधून, पोर्टाच्या सांध्यातून ती थोडी थोडी गळते. गळती इवलीशी, पण डोंगलचा अँटेना तिच्यापासून दीड सेंटीमीटरवर आणि राउटर दोन भिंतींपलीकडे. गाळून काढायचीही सोय नाही, कारण गोंगाट आणि आपला सिग्नल दोघांचा पट्टा एकच. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये याच विषयावर एक टिपण काढलं होतं. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडली की २.४ मधला गोंगाट जवळपास २० डेसिबलने चढतो, असं त्यात मोजून दाखवलंय. २० डेसिबल म्हणजे शंभर पट. त्यात वायरलेस माऊस अडखळण्याचाही उल्लेख आहे, म्हणून तुमचं ते वाक्य माझ्या डोळ्यात भरलं.

आणि हो, अशा वेळी विंडोज सिग्नलच्या काड्या मात्र छान दाखवत राहतं. काड्या सनई किती मोठ्याने वाजतेय ते सांगतात. मांडवाच्या दारात बँडवाले आलेत, हे त्या सांगत नाहीत.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. डिस्क काढून राउटरला शंभर पिंग पाठवा (-टी च्या जागी -एन १००). मग डिस्क लावून एखादं मोठं रेकॉर्डिंग हाताने कॉपी करायला लावा आणि तेवढ्यात पुन्हा शंभर.

तळमजला | गुरुवार, दुपारी १.००

हार्ड डिस्कमुळे वायफाय जातं? उद्या म्हणाल पंख्यामुळे पाणी जातं.

भाजीची_पिशवी | गुरुवार, दुपारी १.१०

आमच्याकडे जातं. पंप आणि पंखा एकाच फ्यूजवर आहेत.

अर्धा_कप | गुरुवार, रात्री ९.३०

आकडे देतो.

डिस्क काढून : शंभरातले शंभर आले. २ ते ५ मिलिसेकंद.
डिस्क लावून, कॉपी चालू : शंभरातले ३४ हरवले, आलेले कुठे ३०० कुठे ९००. माऊसचा बाण अडखळत अडखळत चालतोय, म्हाताऱ्या माणसाने जिना उतरावा तसा. कॉपी संपल्यावर पाच सेकंदांत दोघंही सुतासारखे सरळ.
डिस्क मागच्या काळ्या पोर्टात, कॉपी चालू : शंभरातले शंभर! पण कॉपीला वेळ चौपट लागला.

तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे माझी रेकॉर्डिंग्ज वाचवायला तू जे आणलंस त्यानेच माझी बॅच बंद पाडली." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मोगरी | गुरुवार, रात्री ११.३०

काळा पोर्ट म्हणजे यूएसबी २, त्याचा वेग ४८० मेगाबिट. सिग्नल हळू, म्हणून २.४ पर्यंत त्याचा त्रास पोचत नाही. बॅकअपला घाई नसेल तर डिस्क तिथेच राहू द्या, फुकटातला उपाय.

डिस्क निळ्यात हवी असेल तर डोंगलला तिथून हलवा. यूएसबी २ ची एक्स्टेंशन केबल मिळते, मीटरभराची, ती मागच्या काळ्या पोर्टात लावून डोंगल तिच्या टोकाला. टेबलाच्या वर, लोखंडी कॅबिनेटपासून लांब. या कामात पाच-दहा सेंटीमीटरनेसुद्धा फरक पडतो, मीटर म्हणजे दुसरं गाव. माऊसचा ठिपका पण मागे न्या. पुढेमागे डोंगल बदलायचाच झाला तर दोन्ही पट्टे घेणारा घ्या. ५ गिगाहर्ट्झवर हा गोंगाट इतका बाधत नाही. भारतात ५ चे बरेचसे पट्टे ऑक्टोबर २०१८ पासून विनापरवाना खुले आहेत, राउटरला चॅनलची कमतरता नाही.

अवांतर : ५ वर गेलात म्हणून सगळं सुटतं असं नाही. इकडे माझ्या घरी एका हिवाळ्यात ५ गिगाहर्ट्झ अधूनमधून दहा-दहा मिनिटं गायब व्हायचं. ५२ ते १४४ मधली चॅनल रडारसोबत वाटून घ्यायची असतात. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याने जागा सोडायची, आणि नव्या चॅनलवर बोलण्याआधी निदान मिनिटभर नुसतं ऐकायचं. हवामान रडारच्या १२० ते १२८ वर युरोपात तो वेळ दहा मिनिटांचा आहे. मी बिचाऱ्या राउटरला शिव्या घालत होते आणि तो नियम पाळत होता. ३६ वर हलवल्यापासून शांत आहे.

पाना_पेचकस | शुक्रवार, सकाळी ६.३०

मोगरीताई, नमस्कार घ्या. आमच्या काळी असल्या गोंगाटाला आम्ही क्रॉसटॉक म्हणायचो, शेजारच्या जोडीतलं बोलणं आपल्या जोडीत ऐकू यायचं. एका लग्नाची बोलणी मी अशीच पूर्ण ऐकली आहेत. जमलं नाही ते.

अर्धा_कप, रातकिड्याचा पॉवरवाला उपायही खराच होता, त्या चौकोनात पुन्हा खूण करू नका. तुमच्याकडे एकावर एक दोन फॉल्ट बसले होते. रविवारी पहिला निघाला आणि तुम्ही धागा बंद करायला निघालात. यात सगळ्यात जास्त माणसं फसतात, मी पण फसलोय. मात्र राउटरमधली ती किल्लीची वेळ पूर्ववत ३६०० करून ठेवा, तिचा यात गुन्हा नव्हता.

रातकिडा | शुक्रवार, सकाळी १०.४५

मान्य. आणि आमच्या ऑफिसात एक मीटिंग रूम आहे जिथे लॅपटॉपला डॉक (जास्तीचे पोर्ट देणारा डबा) लावला की कुणाचंच हेडफोन नीट चालत नाही, तिकडे आज जाऊन बघतो.

चिरेबंदी | शुक्रवार, दुपारी ४.००

माझी केबल टाकून झाली. वायरमनने माजघराच्या तुळईवर खिळे ठोकायला काढले तेव्हा आजीने अडवलं, शेवटी लाकडी पट्टीला दोऱ्याने बांधत बांधत नेली. मागच्या खोलीत आता ओटीपेक्षा जोरात चालतं. पाना_पेचकस काका, आभार. गोठ्याचा विचार सोडला, म्हशीला सध्या नेटची निकड नाही.

अर्धा_कप | शनिवार, रात्री १०.२०

आठवडा झाला धाग्याला. शुक्रवार आणि आज, दोन्ही बॅचेस दोन्ही दिवस अखंड. डिस्क निळ्यातच ठेवली आहे. स्टेशनजवळच्या दुकानातून एकशेवीस रुपयांची एक्स्टेंशन केबल आणली आणि डोंगल भिंतीवरच्या कालनिर्णयच्या खिळ्याला मुलीच्या रिबिनीने टांगलाय. दिसायला भयानक आहे, पण शोभेबद्दल घरात कुणीही चकार शब्द काढलेला नाही. फाइल हिस्टरीही दर तासाऐवजी दिवसातून एकदा केली, म्हणजे बॅचच्या मधे कडमडायची शक्यता कमी.

तळमजला, एकशेवीस रुपये. फक्त सांगितलं.

तळमजला | शनिवार, रात्री १०.३०

अभिनंदन. विंडोज १० ची अपडेट्स तरीही बंदच आहेत.

भाजीची_पिशवी | शनिवार, रात्री १०.४०

आणि माऊस?

अर्धा_कप | शनिवार, रात्री १०.५५

पळतोय. महिन्याभरात त्याच्यासाठी घेतलेले पेन्सिल सेल खणात सापडले, चार पाकिटं. काढून ठेवलेले जुने सेलही वायाच म्हणून टाकले होते, ते आज कचऱ्याच्या पिशवीतून परत काढले. त्यातले दोन भिंतीवरच्या घड्याळात घातले आहेत, चालतंय.